सल्ला देणाऱ्याने कप धुवायचे

बजबजच्या सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या शाळेच्या फाटकाशी उभे राहून दरवानाशी हस्तांदोलन करत होते. दुसऱ्या काखेत एक मोडा होता. मोडा म्हणजे वेताचं, बिनपाठीचं, डमरूच्या आकाराचं बसकं. इथे बंगाल्यांच्या घरोघरी असतं. मी वरच्या खिडकीतून हे पाहिलं आणि मला वाटलं, कोणी मोडे विकायला आलाय. शिपायाला खाली पाठवून म्हटलं, "आम्हाला नको म्हणून सांग."

शिपाई परत आला आणि जरा खाकरून म्हणाला, "मॅडम, ते म्हणतात ते हेडमास्तर आहेत. आणि साडेनऊची वेळ तुम्हीच दिलीय."

सई, गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की तुमच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सगळे आपलं चांगलं तेवढंच सांगतात, खरं कोणी बोलत नाही. तेव्हापासून हे सर माझ्या डोक्यात आहेत. म्हणून हे लिहायला घेतलं. निहार, तूही वाच. शब्द अडला तर आईला विचार, फोनमधल्या भाषांतराला विचारू नकोस. मागच्या वेळी त्याने माझ्या आमटीचं काय केलं होतं ते आठव.

तुमचे आजोबा बँकेत होते. बदली होऊन कोलकात्याला आलो ते तीन वर्षांसाठी, आणि अजून इथेच आहोत. मी लेक गार्डन्सजवळच्या एका मुलींच्या इंग्रजी शाळेत आधी शिकवलं आणि मग अठरा वर्षं तिची मुख्याध्यापिका होते. माझी शाळा घड्याळासारखी चालायची. वेळापत्रक मी स्वतः चार रंगांच्या पेन्सिलींनी आखायची. फायलींच्या पाठीवर नंबर असायचे. कोणत्याही पालकाने कोणताही प्रश्न विचारावा, दोन मिनिटांत मी कागद काढून दाखवत असे. ह्याचा मला अभिमान होता, आणि तो मी फारसा लपवतही नसे.

सर म्हणजे ह्याच्या अगदी उलट. कोलकात्याबाहेर बजबजला नदीकाठी चटकलींच्या, म्हणजे ज्यूट मिलच्या वस्तीत त्यांची बंगाली शाळा होती. फाइल म्हणून ते एक कापडी पिशवी बाळगायचे. तिच्यात हजेरीपत्रक, मुरीचा पुडा आणि एक छोटी वही. मुरी म्हणजे आपले कुरमुरे. त्या वहीत ते फक्त प्रश्न लिहीत. उत्तर सापडलं की प्रश्न खोडून टाकत, उत्तर लिहून ठेवत नसत. मी एकदा विचारलं, "उत्तर विसरलात तर?"

"मग ते उत्तर नव्हतंच दीदी," ते म्हणाले.

बंगाली, हिंदी आणि शाळामास्तरी इंग्रजी असं सगळं एकत्र करून ते बोलायचे. मी इथे ते मराठीत लिहिते आहे, पण तुम्ही वाचताना आवाज थोडा अनुनासिक आणि फार सावकाश ठेवा.

त्या पहिल्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले आणि मी पुढे केलेली खुर्ची त्यांनी नम्रपणे बाजूला सारली. मोड्यावर बसले. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या शाळेत आपलं घड्याळ चालवू नये."

मग त्यांनी सांगितलं की त्यांना काही शाळाप्रमुखांचा एक गट करायचा आहे. महिन्यातून एकदा, एकेकाच्या शाळेत. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. ज्याची शाळा त्याने आपली अडचण सांगायची, बाकीच्यांनी वर्गात बसून पाहायचं आणि प्रश्न विचारायचे.

"आणि सल्ला?" मी विचारलं. मला वाटलं, त्यासाठीच तर ते माझ्याकडे आले असणार.

"सल्ला द्यायला मनाई नाही," ते म्हणाले. "फक्त जो सल्ला देईल, त्याने त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे."

मला तो विनोद वाटला. आम्ही चौघं झालो. सर, मी, सॉल्ट लेकच्या एका मोठ्या, काचेच्या शाळेच्या प्रिन्सिपल बनानीदी, आणि फोर्ट विल्यमजवळच्या एका शाळेचे प्रमुख, जे सैन्यातून निवृत्त झाले होते आणि ज्यांना सगळे कर्नलसाहेब म्हणत. सरांनी आम्हालाच का निवडलं, हे मी नंतर विचारलं. मला वाटलं होतं, नावलौकिक पाहून. ते म्हणाले, "बजबज लोकलमधून उतरल्यावर एकच गाडी बदलून जिथे पोहोचता येतं, अशा शाळांना मी पत्रं टाकली. सोळा टाकली. तीन जण हो म्हणाले."

पहिली बैठक त्यांच्याच शाळेत झाली. खिडकीबाहेर चटकलीचा भोंगा वाजत होता. आम्ही तिघं आपापल्या शाळेची छापील माहितीपत्रकं घेऊन गेलो होतो. सरांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि पिशवीत टाकली. मग मोड्यावर बसून म्हणाले, "मागच्या मंगळवारी मी आठवीत डोकावलो, तर भूगोलाचे मास्तर टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. मुलं एकदम गप्प. त्यांची झोप मोडू नये म्हणून गप्प. मी हळूच दार लावलं आणि निघून आलो. मी असं का केलं, मला अजून कळलेलं नाही."

असं कोणी बोलतं का? आमच्या क्षेत्रात तरी नाही. बनानीदींनी पर्समधून रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला. कर्नलसाहेबांना मात्र राहवेना.

"मेमो द्या," ते म्हणाले. "लेखी. आजच्या आज."

"कर्नलसाहेब," सर प्रेमाने म्हणाले, "नळ व्हरांड्यात उजव्या हाताला आहे."

एक सहा फुटी निवृत्त कर्नल, बाह्या दुमडून, बजबजच्या शाळेच्या व्हरांड्यात कप धुतो आहे आणि पाचवीतली मुलं रांग धरून बघताहेत, हे मी पाहिलं आहे. एका मुलाने सूचना केली, "कान आतून पण धुवा, तिथे साखर चिकटते." कर्नलसाहेबांनी तेही केलं. धुतलेले कप त्यांनी उंचीनुसार मांडून ठेवले.

मी ओठ मिटून बसले होते. माझ्याकडे त्या झोपाळू मास्तरांसाठी पाच मुद्द्यांचा कार्यक्रम तयार होता. पण कप धुवायचे नव्हते, म्हणून मी नाइलाजाने प्रश्न विचारला, "ते घरी झोपतात केव्हा?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, वही काढली आणि तो प्रश्न लिहून घेतला. पुढच्या महिन्यात त्यांनी सांगितलं की मास्तरांची आई इस्पितळात होती आणि ते तीन आठवडे तिच्या उशाशी बाकावर बसून होते. शाळेत कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आता त्यांचे सकाळचे तास दुसऱ्या शिक्षकांनी वाटून घेतले होते. मेमो दिला असता तर ते मास्तर नोकरी सोडून गेले असते, हे त्यांनी स्वतः सरांना सांगितलं होतं.

हा माझा गटातला पहिला आणि पुढच्या बऱ्याच महिन्यांतला शेवटचा चांगला प्रश्न. नंतर मी न चुकता दर महिन्याला कप धुतले. मला दोष देऊ नका, माझा जन्मच सल्ला देण्यासाठी झाला आहे, हे तुमच्या आईला विचारा. मी प्रश्नासारखा दिसणारा सल्लाही देऊन पाहिला. "तुम्ही वेळापत्रक रंगीत का करत नाही?" असं मी एकदा बनानीदींना विचारलं. सर नुसते व्हरांड्याच्या दिशेने बघत राहिले. मी उठले.

"साबण संपत आलाय," मागून बनानीदी म्हणाल्या. "पुढच्या वेळी घरूनच आणा."

बनानीदी तशा ताठ. हातमागाच्या साड्या, एकही सुरकुती नाही. त्यांच्या शाळेत बैठक होती तेव्हा त्यांनी मोठा पडदा खाली सोडून चित्रफीत सुरू केली. संगीत, हिरवळ, हसरी मुलं. सर शांतपणे उठले, मोडा उलटा फिरवला आणि खिडकीतून खालच्या रिक्षा स्टँडकडे बघत बसले. चित्रफीत संपली तेव्हा परत वळले आणि म्हणाले, "फार सुंदर. आता शाळा बघू या?" बनानीदी दोन महिने त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

खरं सांगायचं तर वर्षभर आमचा तो गट तसा पोकळच होता. सर आपल्या शाळेतली उणीदुणी एखाद्या खेळण्यासारखी आमच्यासमोर मांडायचे आणि आम्ही तिघं आमच्या शाळेतल्या अगदी निरुपद्रवी अडचणी शोधून आणायचो. पंखे कमी आहेत. पालक उशिरा येतात. एकदा मी, देवाशपथ, ग्रंथालयातल्या वाळवीवर अर्धा तास बोलले. सर ऐकून घ्यायचे. कधी रागावले नाहीत, कधी टोमणा मारला नाही. मुरी खायचे आणि थांबायचे.

आणि त्या सगळ्या काळात माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र तयार होत होतं.

आमच्या शाळेत सहावीच्या तीन तुकड्या होत्या. ए आणि बी चांगल्या. सी मध्ये मी वाचनात आणि गणितात मागे असलेल्या मुली एकत्र केल्या होत्या, म्हणजे त्यांच्याकडे नीट लक्ष देता येईल. निदान कागदावर तसं लिहिलं होतं. ती तुकडी मी शर्मिष्ठा नावाच्या नव्या शिक्षिकेला दिली. बारीक आवाजाची, सतत घाई झाल्यासारखी चालणारी, सोनारपूरहून रोज लोकलने येणारी मुलगी. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावणारी ती एकटी. वर्षभरात सहावी सी जराही पुढे सरकली नाही. चाचण्यांमागून चाचण्या झाल्या आणि निकाल तसेच. व्यवस्थापन समितीचे सेक्रेटरीबाबू विचारू लागले. नाताळच्या सुट्टीआधीच्या बैठकीत शर्मिष्ठाला नव्या वर्षी कामावर ठेवायचं नाही, असं ठरणार होतं, आणि शिफारस माझी असणार होती. ते पत्र. मी चार मसुदे केले होते. भाषा फार सभ्य होती.

नोव्हेंबरातली बैठक माझ्या शाळेत होती. चार जणांनी वर्गावर्गांतून फिरायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? मी सहावी सी ला अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरवलं. अख्खा वर्ग. बस, डबे, पालकांची परवानगी, सगळं एका दुपारात. एवढी कार्यक्षम मी त्या वर्गासाठी वर्षभरात कधी झाले नव्हते.

सकाळी बनानीदी आल्या, कर्नलसाहेब आले. सर आले नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले. त्यांचा फोन बंद. आम्ही तिघांनी शाळा पाहिली. सगळं छान होतं. ए तुकडीतल्या मुलींनी कर्नलसाहेबांना अपूर्णांक समजावून सांगितले. मला सरांची काळजीही वाटत होती आणि ते आले नाहीत म्हणून थोडं हायसंही वाटत होतं.

दीड वाजता बस परत आली. मुली गाणं म्हणत उतरत होत्या. सगळ्यांच्या शेवटी, एका हातात मोडा, दुसऱ्या हातात कोणाच्या तरी तीन पाण्याच्या बाटल्या अशा थाटात बजबजचे सर उतरले.

काय झालं ते शर्मिष्ठाने मला नंतर सांगितलं. सर नेहमीप्रमाणे फार लवकर आले होते. बस फाटकातून निघत होती. त्यांनी हात दाखवून थांबवली आणि विचारलं, "कुठे?"

"प्राणी बघायला."

"आज?"

"मॅडमनी कालच सांगितलं."

सर क्षणभर उभे राहिले आणि बसमध्ये चढले. तिथे त्यांनी मुलींना सांगितलं की माझा चष्मा घरी राहिलाय, पिंजऱ्यांवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. चष्मा खिशातच होता. ज्या मुलींना वाचता येत नाही असं माझ्या फायलीत लिहिलेलं होतं, त्या मुली सकाळभर अडखळत, एकमेकींना दुरुस्त करत, जिराफापासून मगरीपर्यंत सगळ्या पाट्या त्यांना वाचून दाखवत फिरल्या. एका मुलीने "निशाचर" ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दापाशी थांबून त्यांना चार वेळा शब्द फोडून दाखवला, कारण त्यांना तो समजतच नव्हता.

पण हे मला त्या दुपारी माहीत नव्हतं. त्या दुपारी आम्ही चौघं माझ्या ऑफिसात बसलो. चहा आला. मी सरांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते.

"होतात कुठे तुम्ही?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"झूमध्ये."

"झूमध्ये कशाला?"

"प्राणी बघायला," सर म्हणाले. मुरीचा पुडा उघडला आणि सगळ्यांपुढे फिरवला. "पाणघोडा फार थकलेला दिसला."

कर्नलसाहेब हसले. बनानीदीही हसल्या. विषय संपला. सर माझ्याकडे बघतही नव्हते. ते मला सोडून देत होते. एवढं सगळं हाती लागूनही त्यांनी एक शब्द काढला नव्हता, आणि काढणार नव्हते, हे मला स्पष्ट दिसलं. ते रागावले असते तर मी कारणं दिली असती. माझ्याकडे ती तयार होती.

मग बनानीदी कप ठेवत म्हणाल्या, "तुमची शाळा बघून मला तर विचारायला प्रश्नच सुचत नाही. कुठेच काही कमी नाही."

मी म्हटलं, "मी एक वर्ग लपवला."

मग मी सगळं सांगितलं. सहावी सी, निकाल, शर्मिष्ठा, खणातलं पत्र, कालची दुपार. मी माझ्या खुर्चीत बसून बोलत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे एकही कागद नव्हता.

माझं बोलून झालं. मग बनानीदी, ज्यांच्या साडीला कधी सुरकुती नसते त्या बनानीदी, पदर नीट करत म्हणाल्या, "मी दर वेळी दोन लपवते. तुम्ही आलात तेव्हा सातवीचे दोन वर्ग सभागृहात योगासनं करत होते."

"माझी तर मागची अख्खी इमारत," कर्नलसाहेब म्हणाले. "तुम्हाला सांगितलं होतं, तिथे रंगकाम चालू आहे. रंगकाम कसलं, कुलूप लावलं होतं."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. पण नंतर आम्ही चौघं इतके हसलो की बाहेरून शिपाई डोकावून गेला. तीन वयस्कर, जबाबदार माणसं, वर्षभर एकमेकांपासून मुलं लपवत फिरत होती. कर्नलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सरांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि म्हणाले, "चला. आता सुरू करू या."

शर्मिष्ठाच्या वर्गात नेमकं काय बिघडतंय ते पाहायचं ठरलं. समितीच्या बैठकीला तीन आठवडे होते. माझी शाळा आठला भरायची, सरांची अकराच्या सुमारास. त्यामुळे सकाळची लोकल पकडून ते आठ वाजता यायचे आणि दहाला परत निघायचे. चार दिवस ते, दोन दिवस बनानीदी, दोन दिवस कर्नलसाहेब. शर्मिष्ठाला मी सांगितलं की हे लोक तुझी परीक्षा घ्यायला नाही, मला मदत करायला येताहेत. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा?

सर वर्गात गेलेच नाहीत. दाराबाहेर व्हरांड्यात मोडा टाकून बसले. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी सहावी सी मध्ये जायला निघाले. दोन पाहुणे आले होते आणि मला फुलं द्यायला दोन मुली हव्या होत्या. सर बसल्या जागी म्हणाले, "दीदी, तास चालू आहे."

"दोनच मिनिटं," मी म्हटलं आणि आत गेले.

आठ दिवसांनी तिघांनी आपापले कागद माझ्यापुढे ठेवले. सगळे प्रश्नच होते, नियमाप्रमाणे. सरांचा कागद असा होता: सोमवारी पहिल्या तासाला सहा मुली हॉलमध्ये खुर्च्या मांडायला का गेल्या? त्याच तासाला नोटिशीची वही तीन वेळा ह्याच वर्गात आधी का आली? मंगळवारी दोन मुली फुलं द्यायला गेल्या त्या परत केव्हा आल्या? बुधवारी अर्धा वर्ग पाहुण्यांच्या व्याख्यानात हॉल भरलेला दिसावा म्हणून बसला होता, तेव्हा ए आणि बी तुकड्या कुठे होत्या? शर्मिष्ठा फळ्यावर तेच उदाहरण चार वेळा पहिल्यापासून का सुरू करते?

मी कागद खाली ठेवला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. "मी तुम्हाला शिक्षिकेबद्दल विचारलं होतं," मी म्हटलं.

"मी दारात बसलो होतो दीदी," सर म्हणाले. "दारातून जे आत गेलं आणि बाहेर आलं, ते लिहिलं."

कर्नलसाहेबांच्या कागदावरही तेच होतं, फक्त वेळा मिनिटांसकट. बनानीदींनी एकच प्रश्न लिहिला होता: हा वर्ग कच्चा आहे म्हणून त्यातून मुली नेल्या जातात, की ऑफिसच्या शेजारी आहे म्हणून नेल्या जातात आणि मग कच्चा राहतो?

ऑफिसच्या शेजारी. तो वर्ग तिथे मीच आखला होता, हिरव्या पेन्सिलीने. लक्ष ठेवता यावं म्हणून. आणि मग खडू आणायला, खुर्च्या हलवायला, फुलं द्यायला, रिकामी रांग भरायला हाताशी असलेल्या त्याच मुली मी उचलत गेले. मनात कुठेतरी हेही असणार, की ह्यांचं तसंही काय बुडतंय. एक अख्खा तास त्या मुलींना वर्षभरात क्वचितच मिळाला असेल.

मी एवढंच म्हटलं, "आता मी काय करू?"

तिघंही एकमेकांकडे बघू लागले. सल्ल्याचा मोह तिघांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होता. शेवटी सर म्हणाले, "मी सांगतो. आज कप मी धुतो." आणि त्यांनी सांगितलं ते फार साधं होतं: तुकडी आजपासून मोडा, मुली तिन्ही वर्गांत मिसळा, आणि समितीला खरं ते सांगा. मग ते उठले आणि खरोखरच माझ्या स्टाफरूममध्ये जाऊन चार कप धुऊन आले. त्यांना कप धुता येत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. एकाचा कान तुटला.

सर आता निवृत्त आहेत. बजबजलाच असतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. "नातवंडांना सल्ला देता का दीदी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देते. पलीकडून नुसतंच "हं" आलं.

समितीच्या बैठकीत मी पत्राऐवजी तीन कागद वाचून दाखवले. सेक्रेटरीबाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे दोष शिक्षिकेचा नाही?"

"तिला सलग एक तास शिकवायला मिळालेलाच नाही. ती कशी शिकवते, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. मलाही नाही."

"मग दोष कोणाचा म्हणून लिहू?"

"माझा लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं नाही. बाहेरच्या लोकांना शाळेत का आणलं, ह्यावर थोडी कटकट झाली. एका सदस्यांनी मला दोन-चार गोष्टी सुनावल्या, त्या रास्तच होत्या. शेवटी शर्मिष्ठाला आणखी एक वर्ष द्यायचं ठरलं, तुकड्या मी आधीच मिसळल्या होत्या त्याला मंजुरी मिळाली आणि माझ्या ऑफिसातून वर्गांत जाणारी नोटिशीची वही फक्त मधल्या सुट्टीत फिरेल असा ठराव झाला. तो ठराव मीच मांडला होता.

बैठक सकाळीच संपली. शर्मिष्ठाला माहीत होतं की आज तिचा निर्णय आहे. ती बिचारी सोनारपूरहून निघाली तेव्हा घरी काय सांगून निघाली असेल, हे मनात येऊन मी बैठकीच्या खोलीतून जवळजवळ पळतच निघाले. तिचा गणिताचा तास चालू होता, आता मिसळलेल्या तुकडीचा. दाराला काच होती. आत फळ्यापाशी पाच-सहा मुली एकदम बोलत होत्या, एकीने दुसरीचा खडू ओढून घेतला होता. काहीतरी वाद पेटला होता, पाऊण मोठे की दोन तृतीयांश, असा काहीसा.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. शर्मिष्ठाने मला काचेतून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला, ते मला दिसलं. माझ्या तोंडून काय ऐकायला मिळणार, तिला ठाऊक नव्हतं. मग तिने फळ्याकडे एकदा बघितलं, त्या भांडणाऱ्या मुलींकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून हाताचा पंजा वर केला. थांबा.

तास संपायला अकरा मिनिटं होती. मी व्हरांड्यात उभी राहिले.